पथ्याची भाकरी

"एवढंच सांग," आण्णा म्हणाले, "ह्यो नेम हाय का प्रयोग?"

समोर परात, परातीत ज्वारीचं पीठ आणि पिठात हात घालता घालता थांबलेला माझा सासरा. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यांना माझं नवं पथ्य समजावून देत होते. दूध नाही, दही नाही, ताक नाही, लोणी नाही, साय नाही, तूप तर अजिबात नाही. तेल नावापुरतं. जवसाची चटणी रोज, पालेभाज्या भरपूर. प्रत्येक 'नाही'ला आण्णांच्या कपाळावर एक आठी वाढत होती. तुपाशी आल्यावर तर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथं आमची म्हैस चंद्री रवंथ करत उभी होती. तिच्या देखत हे बोलणं बरं नव्हे, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"प्रयोग हो," मी म्हटलं. "मी इंटरनेटवर वाचलंय. महाराजांनी थोडंच सांगितलंय?"

"म्हंजे हात जोडून घेतल्यालं न्हाई."

"नाही. करून बघायचं. गुण आला तर ठेवायचं, नाहीतर सोडून द्यायचं."

"मग हरकत न्हाई," आण्णा म्हणाले आणि पिठात हात घातला.

मला हसू आलं. आमच्या घरात नेम हा शब्द कुणी सहज वापरत नाही. आम्ही कुरुंदवाडकडचे शेतकरी जैन. आमच्यात माणसं मुनिमहाराजांसमोर हात जोडून काही ना काही सोडतात. कुणी वर्षभर गूळ सोडतं, कुणी बुधवारी तूप, कुणी रविवारी मीठ. एकदा नेम घेतला की घरातलं कुणी तो मोडायला लावत नाही. पाहुण्याच्या घरी गेलं आणि "माझा नेम आहे" म्हटलं की यजमानीण पुढे केलेली वाटी मुकाट्याने मागे घेते. आग्रह संपला. त्यामुळे आण्णांनी विचारलं त्यात मला काही वावगं वाटलं नाही. म्हातारा माणूस, त्याला प्रत्येक गोष्ट आपल्या खणात नीट ठेवायची असते, एवढंच मला वाटलं.

माझा धंदाच प्रयोगाचा होता. जयसिंगपूरला एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मी उगवण तपासायचे. ओल्या कागदावर बी मांडायचं, गुंडाळी करायची आणि किती उगवलं ते बघायचं. कुठलीही गोष्ट दिसली की ती अशीच का, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नसे. लग्न ठरताना मी श्रीपालला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इतके प्रश्न विचारले की तो घरी जाऊन म्हणाला, "आण्णा, मुलगी चांगली आहे, पण माझी उलटतपासणी झाली."

मग माझ्याच शरीरात एक प्रश्न उगवला.

आदल्या वर्षी माझा डावा डोळा धुरकट झाला होता. काच पुसली तरी धूर जाईना. तो आपोआप गेला आणि मी विसरले. काही महिन्यांनी बाजारातून भाजी घेऊन घरी आले तर आण्णा दारातच म्हणाले, "दुसरी चप्पल कुठं ठिवलीस?" मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती कुठे निघाली, कधी निघाली, मला पत्ता नव्हता. तळवा खड्यांनी सोललेला होता आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा खरी घाबरले.

मिरजेला डॉक्टर शेवडेबाईंनी मेंदूचा एमआरआय काढायला लावला आणि नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. आपल्या नसांवर एक आवरण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. ते आपलंच शरीर परकं समजून कुरतडतं. "हा आजार लाटेसारखा येतो," बाई म्हणाल्या. "येतो, ओसरतो, पुन्हा येतो. ओसरला म्हणजे गेला असं समजू नका. पुढची लाट अडवायला इंजेक्शन आहे. ते चुकवायचं नाही."

इंजेक्शन दर शनिवारी. ते मी स्वतःच मांडीत घ्यायला शिकले. सुईचं काही नाही, पण नंतर यायचा तो ताप. संध्याकाळी घेतलं की रात्रभर हुडहुडी, हाडं कुणीतरी उखळात घातल्यासारखी, आणि रविवार अंथरुणात. आठवड्यात एकच सुट्टी आणि ती अशी जायची. शुक्रवार उजाडला की मला शनिवारची धास्ती वाटायला लागे.

म्हणून मी वाचायला लागले. जगात कितीतरी लोक याच आजाराशी आहार बदलून झुंजत होते. कुणी दूधदुभतं सोडलं होतं, कुणी चरबी सोडली होती, कुणी गहू. कुणाचा थकवा कमी झाला होता, कुणी काठी टाकली होती. खरं किती, खोटं किती, मला ठरवता येईना. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "करा ना. तब्येतीला चांगलंच आहे. थकव्याला मदत होईल, वजन ताब्यात राहील. मात्र पक्का पुरावा अजून नाही, आणि इंजेक्शनच्या जागी तर मुळीच नाही." मी त्यातलं 'करा ना' तेवढं ऐकलं.

आता आमच्या स्वयंपाकघराचं सांगायला हवं. ते आण्णांचं राज्य होतं. सासूबाई, त्यांना सगळे आक्का म्हणत, मी घरात यायच्या आधीच पोटाच्या आजाराने गेल्या होत्या. तेव्हापासून आण्णा रांधत होते. तसे ते मुळातले हौशी. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मोठी पूजा असली की शे-दीडशे माणसांची आमटी ढवळायला आण्णांनाच बोलावत. त्यांच्या हाताखाली तूप ओघळायचं नाही, वाहायचं. आमच्या गावाकडं बासुंदीचा पाहुणचार. तिथं दूध नको म्हणणारी सून म्हणजे नदीकाठी राहून पाणी नको म्हणण्यासारखंच.

तरी आण्णांनी माझं पथ्य असं सांभाळलं की मी थक्क झाले. माझ्यासाठी वेगळा तवा, वेगळी कढई. आणि जेवण? पथ्याचं जेवण म्हणजे घशाखाली ढकलायचं, अशी मी मनाची तयारी केली होती. पण भाकरी अशी मऊसूत की सकाळची संध्याकाळी मोडली तरी कडा फुटायची नाही. आमटी दाट. पालेभाजी नुसती खावीशी वाटायची.

"आण्णा, ही भाकरी इतकी मऊ कशी?" मी विचारायची.

"पीठ नवं हाय."

"आणि आमटीला दाटपणा?"

"शेंगदाण्याचं कूट."

"मग तुपाचा वास कुठून येतो?"

"श्रीपालच्या ताटातनं. तू तुझं खा की गप."

प्रश्न विचारणं मला येत होतं, पण उत्तर आवडलं की पुढे तपासायचं नसतं, हेही मी तोवर शिकले होते असं दिसतं.

आणि मला गुण आला. थकवा उतरला. डाव्या तळव्याला फरशीचा गारवा कळायला लागला. सकाळी उठून मी एका वाडग्यात मूग, मटकी, हरभरे मिसळायची आणि डोळे मिटून डाव्या हाताने ओळखायची. आधी सगळं सारखंच खरखरीत लागे. आता मुगातून मटकी वेगळी निघायला लागली. मी आनंदाने ओरडायची आणि आण्णा चुलीपुढून म्हणायचे, "बरं झालं, आता निवड ते सगळं."

फोनवर आम्हा रुग्णांचा एक गट होता. तिथे मी पाककृती टाकायला लागले. बिनदुधाची मऊ भाकरी, बिनतुपाची आमटी. बायका धन्य धन्य म्हणायच्या, आणि आपली भाकरी तशी का होत नाही म्हणून हळहळायच्या. मी त्यांना ठसक्यात सांगायची, "पीठ नवं घ्या."

मग चातुर्मासात एका शनिवारी मी फ्रीज उघडला, इंजेक्शनची डबी बघितली आणि फ्रीज बंद केला. रविवारी ताप नव्हता. सकाळी मी शेतापर्यंत चालत गेले. पुढच्या शनिवारीही तसंच केलं, त्याच्या पुढच्याही. श्रीपाल इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात, शनिवारी त्याला हटकून उशीर. त्याला मी "घेतलं, आता ताप येत नाही" एवढंच सांगत होते. मला वाटत होतं, मी पथ्याने बरी झाले आहे. मग विष कशाला टोचून घ्यायचं? आता हे पथ्य पक्कं करायचं, एवढंच बाकी होतं.

पक्कं करायचं म्हणजे आमच्याकडे एकच रीत. त्या चातुर्मासात एक मुनिमहाराज आमच्या बस्तीत मुक्कामाला होते. चौथ्या शनिवारी सकाळी मी पांढरी साडी नेसले आणि आण्णांना म्हटलं, "चला, मीही येते. आज मी नेम घेणार आहे."

आण्णा टोपी घालत होते. टोपी हातातच राहिली. "कसला नेम?"

"दूधदुभतं, तूप, सगळं सोडणार. जन्मभर."

"जल्मभर? अगं, प्रयोग हुता न्हवं?"

"प्रयोग यशस्वी झाला, आण्णा."

एरवी रस्त्याने चार ठिकाणी थांबून उसाचं, पाण्याचं, कुणाच्या म्हशीचं विचारणारा माणूस, त्या दिवशी रामराम करणाऱ्याकडेही बघेना. मी मात्र रंगात आले होते. बस्तीच्या दाराशी पाय धुवायच्या नळापाशी आलो, तेव्हा मी गुपित फोडलं.

"आणि आणखी एक सांगू? श्रीपालला आत्ताच बोलू नका. मी इंजेक्शन बंद केलंय. तीन शनिवार झाले. काही होत नाही बघा."

आण्णांनी वाहता नळ बंद केला.

"काय केलंस?"

"बंद केलंय. पथ्य एवढं लागू पडलंय तर..."

"पथ्य कुठं हुतं?" आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला की आत जाणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. ते माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, पथ्य झालंच न्हाई. तुझी भाकरी मी दुधात मळतोय. पहिल्या दिसापास्नं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कुठली भाकरी?"

"तुझीच. दशमी म्हण. आनि आमटीत कूट न्हाई, साय घोटतोय. भाजीला तुपाचीच फोडणी. वेगळी कढई हाय खरं, पर तूप त्येच हाय."

"आण्णा!"

"प्रयोग हाय म्हणलीस तू. नेम असता तर मी मोडला नसता, जीव गेला तरी. प्रयोग मोडला तर पाप कसलं लागतंय, म्हणून केलं. आता तू नेम घेतलास आनि मी असंच वाढत ऱ्हायलो, तर तुझा नेम रोज मोडल. आनि ती सुई... ती तू कशाच्या जोरावर सोडलीस? ह्या पथ्याच्या? त्याच्यात काय जोर असणार, पोरी? ते नव्हतंच."

आत प्रवचन सुरू झालं होतं. मी पायात चप्पल घातली आणि एकटीच घरी निघाले. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं आणि रस्ता धुरकट झाला. मग आणखी घाबरले, की हा डोळ्यातल्या पाण्याचा धूर आहे की तो दुसरा. पदराने डोळे पुसले. धूर गेला. रागही थोडा त्याच्याबरोबर गेला, कारण आता मला विचार करता येत होता, आणि विचार रागाहून वाईट होता.

दुपारपर्यंत मी खोलीतून बाहेर आले नाही. बाहेर आण्णा म्हशीला वैरण घालत होते, ते ऐकू येत होतं. चंद्रीला ते हळूहळू काहीतरी सांगत होते. बहुतेक माझी तक्रार किंवा स्वतःची. शेवटी मीच गोठ्यात गेले. माझा स्वभाव जाईल कुठे?

"किती दूध?" मी विचारलं.

आण्णांनी वर बघितलं. "आँ?"

"एका भाकरीला किती?"

"मळायला लागंल तेवढं. पाणी थेंबभर न्हाई."

"रोज? एक दिवस सुद्धा चुकला नाही?"

"चंद्री आटली हुती तवा शेजारनं आणलं."

मला हसावं की त्यांच्या अंगावर वैरण फेकावी, समजेना. "आणि मी गटावर बायकांना सांगत होते, पीठ नवं घ्या म्हणून!"

"नवं पीठ बी असतंय मऊ," आण्णा पुटपुटले.

मी गोठ्याच्या कट्ट्यावर बसले. सगळं पुन्हा मांडून बघितलं, बियाणांचं मांडते तसं. मी बरी झाले होते. हे खरं. पथ्य मी केलं नव्हतं. हेही खरं. मग मी बरी कशाने झाले? सायीने? तसं म्हणावं तर त्याआधी वर्षानुवर्षं साय खाऊनच आजारी पडले होते. की त्या वेळी नियमाने घेतलेल्या इंजेक्शनने? की बाई म्हणाल्या तशी लाट आपली आपण ओसरली होती, आणि मी काठावर उभी राहून तिचं श्रेय जवसाच्या चटणीला देत होते? प्रयोगशाळेत एखादं खत तपासायचं तर आम्ही शेजारी एक वाफा तसाच ठेवतो, काही न घालता. नाहीतर पीक खताने आलं की पावसाने, कसं कळणार? दुसऱ्यांच्या शेतासाठी मला हे कळत होतं. स्वतःच्या मेंदूसाठी मी एकच वाफा लावून मोकळी झाले होते, आणि त्यातसुद्धा खत भलतंच.

मी तिथूनच डॉक्टर शेवडेबाईंना फोन लावला. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी चुकलेल्या शनिवारांच्या तारखा लिहून घेतल्या, हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग म्हणाल्या, "बाहेरून काही दिसत नसलं तरी आत नवे डाग पडत असू शकतात. सोमवारी या, एमआरआय करू. आणि इंजेक्शन आजपासून सुरू करा. आज शनिवारच आहे ना?"

"पथ्याचं काय?" मी विचारलं.

"तुमची इच्छा असेल तर खरंच करा एकदा," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "सासऱ्यांना सांगून."

फोन ठेवल्यावर मी आण्णांकडे वळले. एक प्रश्न राहिला होता आणि तो मला टोचत होता.

"तुम्ही मला सरळ का नाही सांगितलं? आण्णा, मी हे पथ्य मानत नाही, मी करणार नाही, असं. माझी फसवणूक कशाला?"

आण्णा खाली बसून वैरणीच्या काड्या वेगळ्या करायला लागले. मग म्हणाले, "आक्काला तू बघितली न्हाईस."

"फोटो बघितलाय."

"त्यो लग्नातला. आजारी पडली तवा तिनं तूप सोडलं. महाराजांच्या म्होरं, हात जोडून. त्येनं बरं वाटंल म्हणली. मग गोड सोडलं. मग दूध. डॉक्टर मला म्हणाला, अंगात ताकद न्हाई, दूध पाजा, कसंबी करून पाजा. मी पेला घिऊन म्होरं हुबा ऱ्हायलो. ती म्हणली, माझा नेम मोडू नगा. आता काय करनार? मी पेला खाली ठिवला. रोज ठिवला. ती वाळत गेली आनि मी बिनतुपाचं, बिनदुधाचं रांधून वाढत ऱ्हायलो. लई मनापास्नं वाढलं. नेमाला कधी बोल लावला न्हाई मी, आजबी लावत न्हाई. तिचा आजारच मोठा हुता, असं समदी म्हणत्यात. असंल. पर त्यो पेला..."

ते उठले. चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"तू स्टुलावर बसून तीच यादी म्हणलीस," ते म्हणाले. "तूप न्हाई, दूध न्हाई. माझे हातच गळाले. म्हणून इचारलं तुला. तू प्रयोग म्हणलीस आनि मला वाट घावली."

मला त्यांची दया आली, त्यांच्यावर माया आली, आणि राग तर तसाच होता. तिन्ही एकदम येऊ शकतात हे मला त्या गोठ्यात कळलं.

मी घरात गेले आणि गटावर लिहिलं: माझ्या भाकरीत दूध होतं, आमटीत साय होती, मला माहीत नव्हतं. माझ्यावरून कुणी काही ठरवू नका. कुणी इंजेक्शन सोडलं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. फोन उपडा ठेवला, कारण उत्तरं बघायचं धाडस नव्हतं.

इंजेक्शन मात्र मी घेतलं नाही. घेणार होते. सोमवारी एमआरआय झाला की. उद्या रविवार, परवा मिरजेचा प्रवास, मध्ये ताप कशाला? तीन शनिवार गेले तिथे दोन दिवसांनी काय बिघडतं? कारणं शोधायला मी कुणाला हार जाणारी नव्हते.

आण्णा दुपारी पुन्हा बस्तीत गेले. जेवण झालं नव्हतं त्यांचं, माझंही नव्हतं. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं असतं. दिवस बुडाला की आण्णा अन्नाला शिवत नाहीत, मग सकाळपर्यंत काही नाही. म्हणून ते परत आल्यावर मी स्वतः भाकऱ्या थापल्या, पाण्यात मळून, आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, त्यांचं पान वाढलं. माझ्या भाकऱ्या कडक, कडेला चिरा गेलेल्या. ऊन समोरच्या उसाच्या शेंड्यांवर आलं होतं.

आण्णा पानावर बसले. हात मांडीवर ठेवले आणि तसेच बसून राहिले.

"जेवा, आण्णा. दिवस चाललाय."

"तू सुई घेतलीस?"

"सोमवारी घेते. एमआरआय झाला की."

"मग मी बी सोमवारी बघतो."

"म्हणजे?"

"नेम घिऊन आलोय," आण्णा म्हणाले. "महाराजांच्या म्होरं. शनिवारी तू सुई घेतल्याबिगर मी अन्नाला शिवनार न्हाई. जल्मभर."

मी चिडले. "ही जबरदस्ती झाली! वय काय तुमचं? असला कुठे नेम असतो? महाराजांनी दिलाच कसा?"

"त्यांनी बी इचारलं, दुसऱ्याच्या करण्यावर आपला नेम कशाला बांधतोस? मी म्हणलं, महाराज, पहिल्या खेपेला मी मधी पडलो न्हाई."

"आण्णा, त्याने मला रात्रभर ताप येतो. तुम्हाला माहीत नाही काय होतं ते."

"माहीत हाय. तुझ्या खोलीच्या भिंतीला लागून माझी खाट हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. मला भूक लागलीया," आण्णा म्हणाले. तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. जेवायला बसलेल्या माणसाला भूक लागली होती आणि ते तो सांगत होता.

मी अजून बोलत होते. आजारी माणसाला असं अडवतात का, सोमवारी मी नक्की घेणार आहे, श्रीपालला काय सांगू, सगळं बोलून झालं. आण्णा ऐकत होते. त्यांची नजर मात्र माझ्याकडे नव्हती, उसाकडे होती. ऊन शेंड्यांवरून निघून गेलं होतं आणि नुसता तांबडा उजेड उरला होता. त्यांच्या हाताची बोटं पानाच्या कडेशी आली आणि परत मांडीवर गेली. ती बोटं बघितली आणि माझं बोलणं थांबलं.

मी धावतच आत गेले. फ्रीजमधून डबी काढली. औषध जरा वेळ बाहेर ठेवून मग टोचायचं असतं, पण तेवढा वेळ कुठला? तळहातात धरून फुंकर घालत राहिले, कापसाने मांडी पुसली आणि सुई आत घातली. थंड औषध आत जाताना झोंबलं.

"घेतलं!" मी आतूनच ओरडले. "घेतलं हो आण्णा, जेवा!"

बाहेर आले तेव्हा ते जेवत होते. घाई न करता, पण न थांबता. माझ्या त्या चिरा गेलेल्या भाकरीचे तुकडे आमटीत बुडवून खात होते. अर्धी भाकरी झाली असेल. मग त्यांनी मान वर करून आभाळ बघितलं, हात थांबवला, आणि उरलेली अर्धी भाकरी पानावरून उचलून बाजूला ठेवली. तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली.

"अजून उजेड आहे," मी म्हटलं.

"दिवस गेला," ते म्हणाले.

रात्री मला कडकडून ताप भरला. श्रीपालला मी सगळं सांगितलं, आणि तो मला न रागावता माझे पाय चेपत बसला. भिंतीपलीकडे खाट करकरत होती. आण्णा जागे होते. अर्ध्या भाकरीवर.

सोमवारच्या एमआरआयमध्ये एक नवा डाग निघाला. तो कधीचा, ते कुणी सांगू शकलं नाही. पथ्य मी त्यानंतर खरंखुरं सुरू केलं, आण्णांनीच रांधलं, आणि ते पहिल्याइतकं चवदार कधीच झालं नाही. त्याने थकवा कमी होतो असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. मात्र त्या शनिवारनंतर मी इंजेक्शन संध्याकाळवर कधी टाकलं नाही. दुपारी ऊन डोक्यावर असतानाच घ्यायचे आणि सोप्यात जाऊन सांगायचे, "घेतलं." आण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजूनही दुपारीच घेते.